कपाटाची काच का हलते? काचेचा तक्ता सपाट होण्याची गोष्ट

इयत्ता : ४ थी व ५ वी
विषय : परिसर अभ्यास (पदार्थ आणि त्यांचे गुणधर्म)
तासिका : २ किंवा ३
साहित्य : जुनी-नवी काच असलेली खिडकी किंवा कपाट, काचेचा पेला, पाणी, खाद्यतेल, थोडी कणीक, पोळपाट-लाटणं. शिक्षकांनी करून दाखवायच्या प्रयोगासाठी साखर, लिंबू, स्टीलची ताटली.



आमच्या वर्गात पुस्तकांचं एक लाकडी कपाट आहे. मागच्या फळीवर रंगाने १९७४ असं साल लिहिलेलं आहे. कपाटाला काचेची दोन दारं. डाव्या दाराची काच मूळची आणि उजव्या दाराची नवीन, कारण मागच्या वर्षी मधल्या सुट्टीत चेंडू लागून ती फुटली आणि शहागंजातल्या एका काचवाल्याकडून नवीन बसवून घेतली. दोन्ही काचा स्वच्छ पुसलेल्या. लांबून पाहिलं तर काही फरक कळत नाही.

फरक मुलांनी शोधला. डाव्या काचेतून पुस्तकं पाहत डोकं हलवलं की पुस्तकांच्या कडा हलतात, पाण्यात पाहिल्यासारख्या. उजव्या काचेतून पाहिलं की सरळच्या सरळ. "मॅडम, ही काच हलती." पोरांना मोठीच गंमत वाटली. रोज कुणी ना कुणी कपाटासमोर मान हलवत उभं.

या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं. म्हणजे येतं असं मला वाटत होतं. डीएडला असताना कुणाकडून तरी ऐकलं होतं, नंतर मोबाईलवरही वाचलं होतं : काच हा खरा घन पदार्थ नाहीच, तो अतिशय घट्ट द्रव आहे. तो हळूहळू खाली वाहतो, म्हणून जुन्या काचा खालून जाड आणि वेड्यावाकड्या होतात. मागच्या वर्षीच्या वर्गाला मी हेच सांगितलं. मुलांनी वहीत लिहूनही घेतलं.

यंदा तेच सांगायला गेले तर एका मुलीने थांबवलं. म्हणाली, "मॅडम, डोकं आडवं हलवलं तरच हलतं. वरखाली केलं तर काहीच हलत नाही. काच खाली वाहिली असती तर आडव्या रेघा पडल्या असत्या ना? ह्या तर उभ्या आहेत."

मी स्वतः कपाटासमोर जाऊन पाहिलं. तिचं बरोबर होतं. काचेत वरपासून खालपर्यंत उभे, पट्ट्यापट्ट्यांसारखे बारीक उंचसखल भाग होते. मग वर जाड आणि खाली जाड हा प्रश्नच उरला नाही. मी म्हटलं, "मला माहीत नाही. शोधून सांगते." त्या शोधण्यातून हा पाठ तयार झाला. तुमच्यापैकीही अनेकांनी "काच वाहते" असं वर्गात सांगितलं असेल, म्हणून तो सविस्तर लिहिते आहे.

१. आधी चूक दुरुस्त करू : काच वाहत नाही

काचेच्या आत अणूंची मांडणी अस्ताव्यस्त असते हे खरं आहे. मीठ किंवा खडीसाखर यांच्यात कण ओळीने, ठरलेल्या रचनेत बसलेले असतात. वितळलेली काच थंड होताना तशी रचना व्हायला वेळच मिळत नाही आणि कण जिथे होते तिथेच अडकतात. मुलांना हे सांगायला सोपं उदाहरण म्हणजे खडीसाखर आणि लिमलेटची गोळी. दोन्ही साखरच, पण खडीसाखरेला पैलू असतात आणि गोळी फोडली की काचेसारखी फुटते. "काच म्हणजे द्रव" ही समजूत या अस्ताव्यस्त मांडणीवरून आली असावी.

पण अस्ताव्यस्त आहे म्हणून ती वाहते असं नाही. आपल्या घरातल्या तापमानाला काच इतकी घट्ट असते की तिला डोळ्यांना दिसेल इतकं सरकायला विश्वाच्या वयापेक्षाही जास्त काळ लागेल. पन्नास-शंभर वर्षं म्हणजे काहीच नाही.

याचा पुरावा तर आपल्या जवळच आहे. आपल्याच जिल्ह्यातलं पैठण, शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं नेवासा आणि धाराशिव जिल्ह्यातलं तेर या गावांच्या उत्खननांत सातवाहन काळातले काचेचे मणी सापडले आहेत. ते सुमारे दोन हजार वर्षं मातीखाली होते. काच वाहत असती तर त्यांच्यातली दोरा ओवायची बारीक भोकं केव्हाच बुजून गेली असती. भोकं अजून आहेत. आमच्या कपाटाची काच तर पन्नासच वर्षांची.

मग जुन्या काचेत लाटा का दिसतात? कारण ती बनली तेव्हापासूनच तशी आहे. तेव्हा बनवायची पद्धतच अशी होती की लाटा राहायच्या. म्हणून आपला खरा प्रश्न असा : काचेचा सपाट तक्ता बनवतात कसा?

२. काच बनते कशापासून?

मुख्य पदार्थ वाळू. पण नदीतली कुठलीही वाळू चालत नाही, सिलिका भरपूर आणि लोह अगदी कमी असलेली पांढरी वाळू लागते. लोह जास्त असेल तर काच हिरवट होते. साध्या खिडकीची काचसुद्धा कडेने पाहिली तर हिरवी दिसते, ती या थोड्याशा लोहामुळेच. महाराष्ट्रात सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या कासार्डे परिसरात अशी सिलिका वाळू मिळते.

नुसती वाळू वितळवायला १७०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागतं. तिच्यात सोडा (सोडा ॲश) घातला की ती त्यापेक्षा कमी तापमानाला वितळते. पण नुसत्या वाळू-सोड्याची काच पाण्यात विरघळते! म्हणून चुनखडी घालावी लागते. खिडकीच्या काचेत साधारण ७० ते ७३ टक्के सिलिका असते, बाकी मुख्यतः सोडा आणि चुना. शिवाय फुटक्या काचेचे तुकडे घालतात. ते लवकर वितळतात आणि इंधन वाचवतात. भंगारवाला फुटकी काच का नेतो, याचं उत्तर मुलांना इथे मिळतं.

हे सगळं वितळलं की मधासारखा घट्ट, लालभडक रस तयार होतो. खरी अडचण इथून पुढे. या रसाचा दोन्ही बाजूंनी सपाट आणि चकचकीत तक्ता करायचा कसा?

वर्गात मी हा प्रश्न असाच ठेवला. उत्तरं आली : "लाटायचा, पोळीसारखा." "ताटात ओतायचा." "फुगा करून कापायचा." "दोन्ही बाजूंनी धरून ओढायचा." मला हसू आलं, कारण माणसाने शेकडो वर्षं नेमके हेच चार उपाय करून पाहिले. चला, एकेक बघू.

३. फुगा करून कापणं

एक जुना उपाय फुंकण्याचा. लोखंडी नळीच्या टोकाला काचेचा गोळा घेऊन फुंकर मारायची, फुगा करायचा, तो दुसऱ्या दांडीला चिकटवून पुन्हा तापवायचा आणि गरागरा फिरवायचा. फिरवताना फुगा उघडतो आणि मोठी थाळी बनते. या थाळीचे तुकडे कापून खिडकीला लावत. ही क्राउन पद्धत. थाळी कशालाही टेकलेली नसल्याने काच चकचकीत निघायची, पण मध्यभागी जाड आणि कडेला पातळ. दांडी चिकटवलेल्या जागी मधोमध गाठही राहायची. युरोपातल्या काही जुन्या खिडक्या खालच्या बाजूला जाड सापडतात त्याचं कारण हेच : तुकडाच एका बाजूने जाड होता आणि बसवणाऱ्याने बऱ्याचदा जाड बाजू खाली ठेवली. "काच वाहते" ही समजूत अशा खिडक्या पाहूनच पसरली.

दुसरा प्रकार नळकांड्याचा. फुगा लांबट करायचा, त्याची दोन्ही टोकं कापायची, नळकांडं उभं चिरायचं आणि भट्टीत तापवून गुंडाळलेल्या कागदासारखं उलगडायचं. यातून मोठे तक्ते मिळू लागले. १८५१ साली लंडनला भरलेल्या जागतिक प्रदर्शनाच्या 'क्रिस्टल पॅलेस' इमारतीला सुमारे तीन लाख काचा लागल्या, त्या अशाच फुंकून केलेल्या होत्या. पण उलगडताना काच भट्टीच्या फरशीला टेकायची आणि त्या बाजूवर डाग उमटायचे. शिवाय गोलाई पूर्ण जात नसे.

४. ओतून लाटणं

सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये धातूच्या मेजावर काचेचा रस ओतून त्यावरून जड रूळ फिरवण्याची पद्धत आली. ही म्हणजे आपली पोळी. यातून मोठी आणि जाड काच मिळायची, पण वर रुळाची खूण आणि खाली मेजाची. दोन्ही बाजू धूसर. मग ती काच वाळू-पाण्याने घासायची, नंतर बारीक लाल भुकटीने चकचकीत करायची, आधी एक बाजू, मग दुसरी. वेळ आणि मेहनत तर जायचीच, शिवाय घासण्यात बरीच काच वायाही जायची. १९३० च्या दशकात इंग्लंडमध्ये दोन्ही बाजू एकाच वेळी घासणारी यंत्रं आली, तरी खर्च फार होता. ही 'प्लेट' काच आरशांना आणि मोठ्या दुकानांच्या दर्शनी भागाला लागायची. सामान्य माणसाच्या खिडकीला ती परवडणारी नव्हती.

५. ओढणं : आमच्या कपाटाची काच

आता आपल्या प्रश्नाचं उत्तर जवळ आलं.

बेल्जियममध्ये एमिल फूरको नावाच्या अभियंत्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक यंत्र तयार केलं. वितळलेल्या काचेवर भाजक्या मातीचा एक लांब तुकडा ठेवायचा. त्याला मध्ये एक फट. तो तुकडा थोडा खाली दाबला की फटीतून काचेचा रस वर येतो. त्याला लोखंडी पट्टी टेकवायची. काच तिला चिकटते आणि पट्टी वर उचलली की मागोमाग काचेचा पडदा वर येत राहतो. उंच मनोऱ्यात रुळांच्या जोड्या त्याला वर ओढत नेतात, वर जाता जाता तो थंड होतो आणि शेवटी त्याचे तक्ते कापायचे. १९१४ च्या सुमारास या पद्धतीने कारखान्यात उत्पादन सुरू झालं. अमेरिकेतही ओढण्याच्या थोड्या वेगळ्या पद्धती निघाल्या.

यात फुंकणारा माणूस लागत नाही आणि घासणंही नाही. काच स्वस्त झाली आणि घरोघरी पोचली. पण फटीची कड अगदी एकसारखी कधीच नसते. तिच्यावर जिथे बारीकसा खडबडीतपणा असेल तिथे काचेत रेघ उमटते, आणि काच सतत एकाच दिशेने ओढली जात असल्यामुळे ती रेघ लांबच लांब होते. शेवयांच्या साच्याचं एखादं भोक जरा फाटलेलं असेल तर तिथून पडणाऱ्या प्रत्येक शेवईला तशीच कड येते, तसंच हे. शिवाय सगळीकडे काच सारखी थंड होत नाही, त्यानेही जाडी कमीजास्त होते.

म्हणून या काचेतल्या लाटा ओढण्याच्या दिशेने असतात. आमच्या कपाटाच्या काचेत त्या उभ्या आहेत, म्हणजे ओढण्याची दिशा उभी राहील अशी ती बसवली गेली. सुताराने तक्ता फिरवून बसवला असता तर लाटा आडव्या दिसल्या असत्या. त्या मुलीने पाहिलेल्या "उभ्या रेघा" म्हणजे यंत्राने काचेवर केलेली सही होती. ती सही वाचायचं सोडून मी मुलांना भलतंच सांगत होते.

६. तेव्हा आपल्याकडे काय चाललं होतं?

आपल्या आजी-आजोबांच्या बोलण्यात 'बेल्जियमचा आरसा' हा शब्द येतो. वाड्यात बेल्जियमचा आरसा असणं हे श्रीमंतीचं लक्षण. चांगली काच बोटीतून येत होती, त्यातली बरीचशी बेल्जियमहून, त्याची ही भाषेतली आठवण.

ही परिस्थिती बदलावी म्हणून महाराष्ट्रात एक मोठा प्रयत्न झाला, तो मुलांना जरूर सांगावा. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाकडून एक पैसा गोळा करून देशी उद्योग उभारण्यासाठी 'पैसा फंड' सुरू केला. लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिलं. त्या पैशातून १९०८ साली पुण्याजवळ तळेगाव दाभाडे इथे काच कारखाना निघाला. जपान आणि अमेरिकेत जाऊन काच बनवण्याचं शिक्षण घेतलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे आले. या कारखान्याने वस्तू बनवल्याच, शिवाय कारागीरही घडवले. इथे शिकलेले लोक देशाच्या वेगवेगळ्या भागांत काचेच्या कामात गेले. १९१६ साली कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा काच कारखाना सुरू झाला. औंध संस्थानचा त्याला आधार होता. गाव ओगलेवाडी झालं आणि तिथला 'प्रभाकर' कंदील घराघरात गेला.

पण लक्षात घ्या, कंदिलाची चिमणी, बाटली, बांगडी या वस्तू फुंकून किंवा साच्यात होतात. सपाट तक्ता ही त्याहून अवघड गोष्ट. त्याला मोठी भट्टी आणि परदेशी यंत्रं लागत होती. पुढे वार्ष्णेय यांच्याच उत्तर प्रदेशातल्या बहजोई इथल्या कारखान्यात खिडकीच्या काचेचे तक्ते बनू लागले. देशातल्या अगदी पहिल्या प्रयत्नांपैकी तो एक. एकेका पैशातून सुरू झालेलं शिक्षण असं तक्त्यापर्यंत पोचलं.

७. तरंगवणं : उजव्या दाराची काच

१९५० पर्यंत जगात सपाट काच दोन प्रकारची होती. ओढलेली काच स्वस्त आणि चकचकीत, पण लाटांची. घासलेली काच सपाट, पण महाग. दोन्हीतलं चांगलं एकत्र मिळेना, कारण काच मऊ असताना ज्या घन वस्तूला टेकेल तिची खूण घेणारच.

इंग्लंडमधल्या सेंट हेलेन्स गावच्या पिल्किंग्टन कंपनीत ॲलिस्टर पिल्किंग्टन नावाचे अभियंते होते. (आडनाव एकच, पण मालकांच्या घरातले ते नव्हते.) १९५२ साली त्यांनी विचार केला : काच टेकायलाच हवी असेल तर ती घन वस्तूला कशाला टेकवायची? द्रवाला टेकवू. द्रवाचा पृष्ठभाग आपोआप सपाट असतो आणि त्यावर ओरखडे नसतात.

आता द्रव कोणता? काच साधारण १००० अंशांना ओततात, म्हणजे पाणी-तेलाचा प्रश्नच नाही. काचेपेक्षा जड हवा, म्हणजे काच वर तरंगेल. १००० अंशांना उकळू नये. काच ६०० अंशांपर्यंत थंड होऊन कडक झाली तरी तो द्रवच राहायला हवा. आणि तो काचेला चिकटू नये. या सगळ्या अटींत उत्तम बसणारा धातू म्हणजे कथील.

कथील म्हटलं की मुलांना कल्हई आठवते, निदान त्यांच्या आज्यांना तरी. तापलेल्या पितळी पातेल्यात कल्हईवाला कथिलाची कांडी टेकवतो आणि ती क्षणात पाण्यासारखी पसरते. कथील फक्त २३२ अंशांना वितळतं आणि उकळायला मात्र २६०० अंश लागतात. मधल्या सगळ्या तापमानात ते शांतपणे द्रव राहतं.

कल्पना सोपी, काम अवघड. गरम कथिलाला हवेतला प्राणवायू लागला की त्यावर मळी येते आणि ती काचेला लागते. म्हणून कथिलाची ती लांब टाकी बंद करून तिच्यात नायट्रोजन आणि थोडा हायड्रोजन भरावा लागला. मोठं यंत्र सुरू झाल्यावर सलग १४ महिने विकता न येणारी काच निघत होती. रोज काच बनवायची, रोज फोडायची, पुन्हा भट्टीत टाकायची. सुरुवातीपासून मोजलं तर सात वर्षं आणि सुमारे ७० लाख पौंड खर्च झाले. जानेवारी १९५९ मध्ये कंपनीने ही 'फ्लोट' पद्धत जाहीर केली. पुढे जगभरातल्या कारखान्यांनी परवाने घेऊन ती स्वीकारली आणि घासण्याची व ओढण्याची यंत्रं हळूहळू बंद पडली.

या पद्धतीत काचेचा रस कथिलावर ओतला की तो पसरतो. वरची बाजू आगीच्या धगीने चकचकीत होते आणि खालची कथिलावर सपाट. काच मोकळी सोडली तर ती आपोआप सुमारे ६ ते ७ मिलिमीटर जाडीला थांबते. पातळ हवी असेल तर कडांना दातेरी चाकांनी धरून ओढतात. मग ती पट्टी लांबच लांब बोगद्यातून सावकाश थंड करतात, नाहीतर आत ताण राहून कापताना फुटते. रात्रंदिवस, वर्षानुवर्षं हे काम चालू राहतं, मध्ये थांबवता येत नाही.

भारतात फ्लोट काच बनू लागली १९९० च्या दशकात. आपल्या राज्यात रायगड जिल्ह्यातल्या तळोजा इथे कारखाना निघाला. १९७४ च्या कपाटाला ओढलेली काच आणि मागच्या वर्षीच्या दुरुस्तीला फ्लोट काच का, याचा हिशेब इथे जुळतो.

८. फळ्यावरचा सारांश

मुलांकडून हा तक्ता भरून घ्यावा. प्रत्येक पद्धतीला एकच प्रश्न विचारायचा : "मऊ असताना काच कशाला टेकली?"

थाळी फिरवणं : दांडीला टेकली. मध्ये गाठ, जाडी असमान.
नळकांडं उलगडणं : फरशीला टेकली. एका बाजूवर डाग.
ओतून लाटणं : मेज आणि रुळाला टेकली. दोन्ही बाजू धूसर, घासावं लागतं.
फटीतून ओढणं : फटीच्या कडेला टेकली. लांब लाटा.
कथिलावर तरंगवणं : द्रवाला टेकली. दोन्ही बाजू सपाट.

९. वर्गात आणि घरी करून पाहा

कृती १ (मुलांनी) : कणकेची छोटी पोळी लाटा. पोळपाटावर आधी साबुदाण्याचा एक दाणा ठेवा. पोळी उलटून पाहा. टेकलं त्याची खूण उमटली.

कृती २ (मुलांनी) : काचेच्या पेल्यात अर्धं पाणी घ्या, वर चार चमचे तेल सावकाश सोडा. पेला डोळ्यांसमोर धरा. तेलाची वरची आणि खालची, दोन्ही बाजू सपाट दिसतील. पेला थोडा तिरपा केला तरी त्या सपाटच राहतात. हेच फ्लोटचं तत्त्व.

कृती ३ (फक्त शिक्षकांनी किंवा पालकांनी, मुलं चार हात लांब) : साखरेत थोडं पाणी आणि दोन-तीन थेंब लिंबाचा रस घालून कडक पाक करा. ओरखडे असलेल्या स्टीलच्या ताटलीला तुपाचा हात लावून त्यावर ओता. गार झाल्यावर हलकेच काढा. वरची बाजू चकचकीत आणि खालच्या बाजूवर ताटलीचे ओरखडे! ही साखरेची काच. लिंबाने साखर पुन्हा दाणेदार होत नाही. पाक प्रचंड गरम असतो, मुलांच्या हाती देऊ नये. गार झाल्यावर तुकडे वाटून खाता येतात, हे वेगळं सांगायला नको.

कृती ४ (घरी) : घरातल्या किंवा शेजारच्या जुन्या काचेसमोर उभं राहून लांबची सरळ वस्तू पाहा, विजेचा खांब किंवा भिंतीची कड. आधी डोकं आडवं हलवा, मग वरखाली. कोणत्या दिशेने हलवल्यावर वस्तू वाकते ते लिहा. त्यावरून काचेतल्या लाटा उभ्या की आडव्या ते ठरवा. काच सुटी किंवा फुटकी असेल तर हात लावायचा नाही.

पालकांसाठी एक सूचना. फ्लोट काच सपाट असते, पण फुटल्यावर तिचे लांब धारदार तुकडे होतात. दाराला, न्हाणीघराला किंवा मुलांच्या उंचीवर काच बसवायची असेल तर 'टफन्ड' काच मागा. फ्लोट काच पुन्हा ६०० अंशांवर तापवून दोन्ही बाजूंनी गार हवेचा झोत मारला की ती टफन्ड होते. फुटलीच तर तिचे बारीक, बोथट दाणे होतात. ही काच नंतर कापता येत नाही, म्हणून माप आधीच नीट द्यावं लागतं. आमच्या कपाटाच्या वेळी मला हे माहीत नव्हतं. पुढच्या वेळी लक्षात ठेवीन.

१०. शेवटी

पाठ झाल्यावर मी मागच्या वर्षीच्या वर्गात गेले. ती मुलं आता सहावीत आहेत. त्यांच्या सरांची परवानगी घेऊन सांगितलं, "मागच्या वर्षी मी तुम्हाला काचेबद्दल एक गोष्ट चुकीची सांगितली होती. ती वहीत लिहिली असेल तर खोडा." आणि का चुकीची, ते थोडक्यात सांगितलं. जाताना जरा संकोच वाटत होता. मुलं काय म्हणतील? मुलं काही म्हणाली नाहीत. एकाने विचारलं, "मॅडम, ते कुणी शोधलं?" मी त्या पाचवीतल्या मुलीचं नाव सांगितलं. तेव्हा मात्र सगळा वर्ग मागे वळून दाराकडे पाहायला लागला, जणू ती तिथे उभीच आहे.

त्या १४ महिन्यांचा हिशेब मुलांच्या फार लक्षात राहिला. "इतके दिवस रोज फोडत होते?" असं दोन-तीन जणांनी विचारलं. मी हो म्हटलं. गणिताच्या तासाला चुकलेलं उदाहरण खोडताना एक मुलगा परवा पुटपुटला, "भट्टीत टाकलं." मग आख्ख्या बाकाने तेच सुरू केलं. आता आमच्या वर्गात चूक झाली की ती भट्टीत जाते.

डाव्या दाराची काच बदलून घेऊ, असं एका सहशिक्षकांनी सुचवलं. दोन्ही दारं सारखी दिसतील म्हणाले. मी नको म्हटलं. ती काच आहे तोवर हा पाठ दरवर्षी कपाटासमोर उभं राहून घेता येईल.

तुमच्या शाळेत किंवा घरी अशी जुनी काच असेल तर मुलांना तिच्यासमोर उभं करा. उत्तर लगेच सांगू नका. त्यांना मान हलवू द्या.